लाकडं फोडायचे दिवस

मोठेपणी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचं मनात असेल, आणि तुमचं किंवा तुमच्या जोडीदाराचं आधी एक लग्न होऊन मोडलेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगून टाका. कुणी विचारेल म्हणून थांबू नका. मी थांबले आणि त्यात एक वर्ष गेलं.

सप्टेंबर 2023 मध्ये मी पहिल्यांदा चर्चच्या ऑफिसात पाऊल टाकलं. मी ख्रिस्ती घरातली नाही. नवरा जन्मानं कॅथलिक, पण त्यानं चर्चला केव्हाच रामराम ठोकलेला (शब्द त्याचेच). का आलात, असं फादरांनी विचारलं तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, दोनदा वाचून झालं होतं आणि त्यातल्या येशूला वळसा घालून पुढे जाता येईना, एवढंच. फादर म्हणाले, "एवढं पुरे आहे," आणि चार पानी फॉर्म पुढे सरकवला.

दुसऱ्या पानावर जोडीदाराच्या पूर्वीच्या विवाहाचा रकाना होता. मी तो कोरा सोडला. लपवायचं काही नव्हतं. बाप्तिस्मा माझा, त्याच्या पहिल्या लग्नाचा इथे काय संबंध, असं वाटलं. फॉर्म घेणाऱ्यांच्याही तो कोरा रकाना नजरेत आला नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी एक सिस्टर आमचा वर्ग घ्यायच्या. आम्ही पाच जण होतो. 3 डिसेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, आम्हाला दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारे, म्हणून स्वीकारलं. कपाळ, कान, डोळे, ओठ, छाती, खांदे, हात, पाय अशा सगळ्यांवर क्रुसाची खूण करतात. कानांवर खूण झाली तेव्हा मला रडू आलं, कारण विचारू नका.

त्या दिवसापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली, जिची आधी कुणी कल्पना दिली नव्हती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादरांचा उपदेश संपला की दीक्षार्थींना पुढे बोलावतात, आशीर्वाद देतात आणि बाहेर पाठवतात. पुढचा भाग, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. सगळं चर्च बसलेलं आणि आपण मधल्या वाटेनं दाराकडे. पाच जण होतो तोवर त्यात थोडी गंमतही होती. शेजारच्या खोलीत सिस्टरांबरोबर त्या दिवसाच्या वाचनावर गप्पा व्हायच्या.

बाप्तिस्मा 30 मार्च 2024 च्या रात्री, ईस्टरच्या जागरणाला होणार होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फादरांनी एकेकाला बोलायला बसवलं. माझा फॉर्म चाळताना ते दुसऱ्या पानावर थांबले. मी सांगितलं: हो, त्याचं आधी एक लग्न झालं होतं, नोंदणी पद्धतीनं, घटस्फोट झाला, मग आमचं लग्न, तेही नोंदणीचंच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. चर्च घटस्फोटानं लग्न संपलं असं मानत नाही. त्यामुळे नवऱ्याचं पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीनं वैध होतं का, हे आधी ठरावं लागतं. ते ठरेपर्यंत आमच्या लग्नाचा प्रश्न लोंबकळतो, आणि त्याबरोबर माझा बाप्तिस्मा. आमच्या बाजूची एक गोष्ट म्हणजे कॅथलिक माणसानं परवानगी न घेता चर्चबाहेर, धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांशिवाय लग्न केलं असेल, तर विधीच पाळला गेला नाही म्हणून चर्च ते वैध धरत नाही. अशा प्रकरणात लांबलचक सुनावण्या नसतात, कागदांवर निर्णय होतो. पण कागद हवेत, आणि ते धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या भागाच्या, न्यायमंडळाकडे जायला हवेत.

"चूक आमची आहे," फादर म्हणाले. "सप्टेंबरमध्येच विचारायला हवं होतं. पण आमची चूक आहे म्हणून यंदाची तारीख जमेल असं नाही."

नियमाचा मला तितका राग आला नाही. लग्न इतकं गांभीर्यानं घेणारं कुणीतरी आहे, हे उलट बरंच वाटलं. राग आला तो पाच महिने फुकट गेल्याचा. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. त्याचं म्हणणं, "मी तर तुला जा म्हणालोच नव्हतो." तेही खरंच.

18 फेब्रुवारीला, उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, बिशपांसमोर निवडविधी असतो. त्या ईस्टरला बाप्तिस्मा घेणारे एका मोठ्या वहीत आपापलं नाव लिहितात. माझ्याबरोबरच्या चौघांनी लिहिलं. मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. जाऊ नको असं सिस्टर म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या म्हणाल्या, "ये. तुझ्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढं बघ."

ईस्टरच्या जागरणालाही गेले. अंधारात जुन्या करारातली वाचनं एकामागून एक होतात. दुसरं उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातलं, देवानं अब्राहामाची परीक्षा पाहिली ते. ही गोष्ट मला कधीच आवडली नव्हती. मुलाचा बळी मागणारा देव कुणाला आवडेल? त्या रात्री मात्र माझं लक्ष भलत्याच वाक्यावर अडकलं. अब्राहामाला काय वाटलं, तो रडला का, रात्रभर जागला का, याबद्दल एक अक्षर नाही. सकाळी लवकर उठून त्यानं गाढवावर खोगीर घातलं आणि बळीसाठी लाकडं फोडली, एवढंच. मग तीन दिवसांची वाट.

शंभर वर्षांच्या पुढचा म्हातारा, आणि लाकडं स्वतः फोडतो. मुलगा मिळावा म्हणून त्यानं आधीच पंचवीस वर्षं वाट पाहिलेली. पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडलं, शंभराव्या वर्षी इसहाक झाला. इतकं झाल्यावर हे. घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, "मला काय वाटतं ते जाऊ दे. उद्यापासून लाकडं फोडायची." तो शब्द आमच्या घरात राहिला. "आज किती लाकडं फोडली?" म्हणजे आज कोणत्या ऑफिसात गेलीस.

पैशांचं बऱ्याच जणांना विचारायचं असतं, पण तोंड उघडत नाही. बाप्तिस्म्याला फी नसते, दान ऐच्छिक. न्यायमंडळाकडच्या अशा अर्जाला काही ठिकाणी शुल्क असतं, परवडत नसेल तर तसं सांगायचं, ते माफ होऊ शकतं. आमचा खर्च झाला प्रमाणित नकला, टपाल आणि अर्ध्या दिवसाच्या रजा यांवर. रजा मोजल्या, अकरा.

कागद पाच होते: नवऱ्याचा बाप्तिस्म्याचा दाखला, पहिल्या लग्नाचा नोंदणी दाखला, घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत, आमचा विवाह दाखला आणि साक्षीदाराचं लेखी निवेदन. बाप्तिस्म्याचा दाखला घरात फ्रेम करून ठेवलेला चालत नाही. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथून नव्यानं काढलेला लागतो, आणि तो सहा महिन्यांहून जुना नको, कारण दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा तेल लावण्याचा संस्कार), लग्न या पुढच्या नोंदी त्याच वहीत समासात केलेल्या असतात. मी उत्साहात सगळ्यात आधी तोच मागवला. तुम्ही तो सगळ्यात शेवटी मागवा. का, ते येईलच पुढे.

एप्रिलपासून रविवार अवघड झाले. चौघांचा बाप्तिस्मा झाला होता. उपदेश संपला की आता मी एकटीच उठायची. फादर नाव घ्यायचे, मी पुढे जायची, आणि सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं बाहेर. सोबत सिस्टर. घड्या घालून रचलेल्या खुर्च्यांच्या त्या खोलीत आम्ही दोघी. काही रविवारी बोलायलाही काही नसायचं. भिंतीपलीकडून गाणं ऐकू यायचं.

जूनमध्ये मी सिस्टरांना म्हटलं, "प्रार्थनेला बसते, पण पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. आधी वाटायचं." त्यांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, "दहा मिनिटं बसतेस ना? मग दहा मिनिटं बस. अकराव्या मिनिटाला ऊठ." मी गजर लावून बसायला लागले. श्रद्धा, विश्वास, भरवसा हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. मला वाटतं श्रद्धा मी येतानाच घेऊन आले होते, गाण्यांची, मेणबत्त्यांची, लूकच्या पानांची. भरवसा निराळा. जी माणसं दिसत नाहीत, जी फाइल कुठे आहे कळत नाही, त्यांच्यावर सोडून झोपता येणं म्हणजे भरवसा, आणि तो माझ्याकडे नव्हता.

खरा डोंगर पाचव्या कागदाचा होता. नवऱ्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं होतं की पहिलं लग्न चर्चमध्ये झालं नाही आणि नंतरही कधी चर्चमध्ये आशीर्वादित झालं नाही. सासू-सासरे दोघंही गेलेले. उरली एक व्यक्ती: माझी थोरली नणंद, ताई. 2015 मध्ये सासऱ्यांच्या अंत्यविधीला मी चार लोकांत ताईंना म्हणाले होते, "तुमचा आता या घराशी काय संबंध?" त्याआधी त्याही मला बरंच बोलल्या होत्या, ते मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. नऊ वर्षं बोलणं बंद.

तेव्हा वर्गात डोंगरावरचं प्रवचन चालू होतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येतं की दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी वाचून खूश झाले की ताईंनी हे वाचायला हवं. सिस्टरांनी परत वाचायला लावलं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, याची यादी तिथे मागितलेलीच नाही.

"फोन करते आणि निवेदनाचंही विचारते," मी म्हटलं.

"कागदाचा विषय त्या फोनवर काढायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण सवलत नव्हती.

मला ते मूर्खपणाचं वाटलं. कागद हवा म्हणूनच तर फोन! पण त्या बाईंनी तीन महिने माझ्याबरोबर रिकाम्या खोलीत बसून काढले होते. ऐकलं. जुलैतल्या एका दुपारी नंबर लावला.

"ताई, मी बोलतेय."

बराच वेळ काहीच नाही. मग, "कोण आजारी आहे का?"

"नाही. बाबांच्या वेळी मी तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं. एवढंच सांगायला फोन केला."

"बरं," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

झालं. स्वर्ग उघडला नाही, कबूतर उतरलं नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. तीन आठवड्यांनी नवऱ्यानं वेगळं पत्र लिहून निवेदनाची विनंती केली. ऑगस्टच्या शेवटी पाकीट आलं. एका पानाचा नमुना होता, ताईंनी चार पानं बारीक अक्षरात भरली होती. भावाच्या लहानपणचं, पहिल्या लग्नाच्या दिवशीचं, आई दिवसभर कशी प्रार्थनेला बसून होती तेही. शेवटच्या ओळीत: "वहिनीला म्हणावं, मीही बोलायला नको होतं."

सप्टेंबरमध्ये अर्ज गेला. ऑक्टोबरमध्ये परत आला. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग एक, घटस्फोटाच्या हुकुमावर दुसरं. दोन्ही एकाच माणसाचीच आहेत याचं प्रतिज्ञापत्र केलं. तोवर मे महिन्यातला दाखला सहा महिन्यांहून जुना झाला. तो परत मागवा. म्हणून म्हटलं, तो शेवटी. अर्ज देण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि फक्त नावं आणि तारखा ताडून बघा, दुसऱ्या कुणाकडून. आपल्या डोळ्यांना आपल्या चुका दिसत नाहीत.

त्या दिवसांत मी फादरांना मोठ्या समंजसपणे म्हटलं, "देव परीक्षा पाहतोय." ते हसले. "स्पेलिंग कारकुनाचं चुकलंय. ते देवाच्या खात्यावर नको टाकू. अडचण आल्यावर तू काय करतेस, तेवढंच बघ." हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. प्रत्येक खोळंब्यात दैवी हेतू शोधत बसलं की माणूस थकतो, आणि देवाबद्दल मनात नको ते येतं. याकोबाच्या पत्रात विश्वासाच्या कसोटीतून धीर येतो असं म्हटलंय, आणि त्याच अध्यायात पुढे, देवानं मला मोहात घातलं असं कुणी म्हणू नये, असंही. सोयीस्करपणे मी फक्त पहिलं अधोरेखित केलं होतं.

डिसेंबरमध्ये अर्ज पुन्हा गेला. जानेवारी 2025 च्या शेवटच्या आठवड्यात निर्णय आला, एका पानाचा, शिक्क्यासह. पहिलं लग्न वैध नव्हतं. मी अजून बाप्तिस्मा न झालेली, म्हणून आमच्या लग्नासाठी बिशपांची वेगळी परवानगी लागली; ती आठ दिवसांत मिळाली. 22 फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, चर्चच्या बाजूच्या छोट्या प्रार्थनामंदिरात आम्ही पुन्हा लग्न केलं. पंधरा मिनिटं. दोन साक्षीदार, त्यातल्या एक ताई. नवरा, चर्चला रामराम ठोकलेला, शपथ घेताना अडखळला आणि त्याला पाणी द्यावं लागलं.

9 मार्चला मी वहीत नाव लिहिलं. पेन चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.

मग उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षणविधी. नावाला घाबरू नका, प्रश्न विचारत नाहीत. आपण गुडघे टेकतो, धर्ममाता (बाप्तिस्म्याला आपल्या पाठीशी उभी राहणारी बाई) खांद्यावर हात ठेवते, आणि सगळं चर्च आपल्यासाठी प्रार्थना करतं, मनात जे कच्चं आहे ते उघडं पडावं आणि बरं व्हावं म्हणून. (धर्ममाता निवडताना: दृढीकरण झालेली, साधारणपणे सोळा वर्षांच्या वरची, श्रद्धेनं जगणारी हवी, आपले आई-वडील चालत नाहीत. पाठांतर घेणारी निवडा. माझी घ्यायची.)

23 मार्चला वाचन होतं शोमरोनी बाईचं. विहिरीवर येशू तिला म्हणतो, तुला पाच नवरे होते आणि आता आहे तो तुझा नवरा नाही. मागे बसलेल्या नवऱ्याचा खोकला मला ओळखू आला. ज्या चौकशीला आम्हाला वर्ष लागलं ती येशूनं विहिरीच्या काठावर एका वाक्यात उरकली होती, आणि त्याआधी तिच्याकडेच पाणी मागितलं होतं.

पुढच्या रविवारी जन्मांधाची गोष्ट. येशू त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवून यायला सांगतो. तो जातो. अजून काही दिसत नाही, उलट डोळ्यांत चिखल, आणि तो चालत जातो. माझी वाट अशीच झाली होती असं म्हणायचा मोह होतो, पण त्यानं वाटेत माझ्याएवढी कुरकुर केल्याचं योहान लिहीत नाही. त्याच्या आई-वडिलांना विचारतात तेव्हा ते म्हणतात, तो सज्ञान आहे, त्यालाच विचारा. माझी आईही दोन वर्षं हेच सांगत होती, "मोठी आहेस, तुझं तू बघ." त्यात किती भीती होती हे मला त्या बाकावर कळलं. त्या संध्याकाळी तिच्याकडे गेले. आम्ही या विषयावर बोललो नाही, पण बराच वेळ बसलो.

येशू मेलेल्या लाजराला उठवतो, त्या वाचनाच्या रविवारी मला ताप होता, फारसं आठवत नाही.

2025 हे निकेयाच्या परिषदेचं सतराशेवं वर्ष, म्हणून सिस्टरांनी आमच्याकडून निकेयाचा विश्वासांगीकार, म्हणजे चर्च काय मानतं ते सांगणारा मजकूर, पाठ करून घेतला. 325 साली बिशपांनी ज्या शब्दांवर वाद घातले तेच मी भांडी घासताना म्हणत होते. 19 एप्रिलला सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणून दाखवला, एक ओळ गाळून.

आणि रात्र. बाहेर अग्नी, नव्या मेणबत्तीवर कोरलेले 2025 चे आकडे, अंधारात पसरत जाणाऱ्या ज्योती. मी अब्राहामाची वाट बघत होते. वर्षभर त्याच्याबरोबर लाकडं फोडली होती. पण वेळ कमी करायचा म्हणून त्या रात्री वाचनं कमी केलेली. तशी मुभा असते. तांबड्या समुद्राचं वाचन तेवढं कधीच गाळत नाहीत. अब्राहाम गाळला. नवऱ्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले.

पाणी थंड होतं. तीन वेळा, डोक्यावरून. मग पांढरं वस्त्र, मेणबत्ती, कपाळावर सुगंधी तेल. टॉवेल आणि कोरड्या कपड्यांची पिशवी आधीच धर्ममातेकडे देऊन ठेवा, तुमच्या हातात त्या वेळी काही राहत नाही. पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेतलं तेव्हा काय वाटलं, असं सगळे विचारतात. केस ओले होते आणि शिंक येईल अशी धास्ती होती. बाकी काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी याचा अर्थ काहीतरी बिनसलं असा लावला असता. त्या रात्री घरी जाऊन शांत झोपले.

21 एप्रिलला, सोमवारी, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. मिस्सेत ज्यांचं नाव रोज घेतलं जायचं, त्यांच्या कळपात मी पुरते दोन दिवस होते. ताईंचा फोन आला. "कोण आजारी आहे का?" मी विचारलं. त्या हसल्या, मग रडल्या.

27 एप्रिलच्या रविवारी उपदेश संपला आणि मी सवयीनं उठून उभी राहिले. फादरांनी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. धर्ममातेनं कोपर धरून खाली ओढलं आणि कानात म्हणाली, "अगं, बस."